बदलापुरात माणसं किती?

मे सरत आला की बदलापूर स्टेशनच्या बाहेर, जिन्याच्या कडेला जांभळं घेऊन बसलेल्या बायका दिसू लागतात. पुढ्यात पाटी, पाटीत पानांचे द्रोण, द्रोणात टपोरी काळीभोर जांभळं. आजूबाजूच्या आदिवासी वाड्यांमधून त्या उजाडायच्या आत निघालेल्या असतात. गिऱ्हाईक मात्र थांबायच्या मनःस्थितीत नसतं. लोकल लागलेली असते, पाकीट काढायलाही सवड नसते, आणि संध्याकाळी परतताना द्रोण शिल्लक राहिले तर घेऊ असं म्हणत माणूस जिना चढून जातो. हजारो माणसं रोज या पाट्यांवरून अशी पुढे जातात. बदलापूरच्या जांभळाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे या गावाचं जांभूळ देशाच्या नोंदवहीत रीतसर लिहिलं गेलं. गावातल्या माणसांची नोंद मात्र २०११ सालापाशी थांबलेली आहे.

त्या साली जनगणनेने कुळगाव-बदलापूर नगरपरिषदेच्या हद्दीत १,७४,२२६ माणसं मोजली. पुढची मोजणी २०२१ मध्ये व्हायची होती, ती करोनामुळे लांबली आणि लांबतच गेली. बदलापुरात राहणाऱ्या कुणालाही विचारा, हा आकडा त्याला गेल्या जन्मीचा वाटेल. कात्रप, बेलवली, मांजर्ली, हेंद्रेपाडा, खरवई, सोनिवली, एरंजाड ही एके काळची वेगवेगळी गावं आणि पाडे. आता त्यांच्या मधली भातखाचरं बुजून इमारतींना इमारती लागल्या आहेत, आणि ती नावं फक्त रिक्षावाल्याला पत्ता सांगण्यापुरती उरली आहेत.

गावातली माणसं मोजायची दुसरी एक रीत इटलीत आहे. त्या देशात जवळपास ७,९०० नगरपालिका आहेत. तिथे त्यांना ‘कोमुने’ म्हणतात. डोंगरावरच्या पाचशे माणसांच्या खेड्यालाही स्वतःचा कोमुने आणि स्वतःचा महापौर असतो, आणि बहुसंख्य कोमुने पाच हजार वस्तीच्या आतले आहेत. आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट वेगळीच आहे. प्रत्येक कोमुनेला आपल्या रहिवाशांची नोंदवही ठेवावी लागते. कुणी जन्मलं, कुणी गेलं, कुणी दुसऱ्या गावाहून राहायला आलं, कुणी घर बंद करून मिलानला निघून गेलं, सगळं त्या वहीत चढतं. त्यामुळे एखाद्या खेड्यात या वर्षी किती माणसं आहेत हे सांगायला दहा वर्षांच्या जनगणनेची वाट बघावी लागत नाही. त्या वह्यांमधले आकडे बहुतेक ठिकाणी उतरणीला लागलेले आहेत. तरुण शहरात गेले, म्हातारे उरले, घरं पडीक झाली. सिसिलीतल्या सांबुका या गावाने २०१९ मध्ये आपली ओस पडलेली घरं एका युरोच्या बोलीने विकायला काढली, तेव्हा जगभरातून चौकशा आल्या.

बदलापूरचं दुखणं याच्या नेमकं उलट आहे. इथे घर रिकामं राहत नाही, आणि माणसं मोजणारी वही नाही. आपल्याकडे नगरपालिका जन्म आणि मृत्यू नोंदवते. पण राहायला आला कोण आणि सोडून गेला कोण, हे ती लिहीत नाही. ज्या गावाची वाढ मुळात पाळण्यांमुळे झालेलीच नाही, टेम्पोत सामान भरून आलेल्या बिऱ्हाडांमुळे झाली, त्या गावाला ही उणीव फार जाचते. आणि हे एकट्या बदलापूरचं नाही. कल्याणच्या पुढे कर्जतच्या दिशेने रेल्वेमार्गावर ओळीने उभी असलेली तिन्ही शहरं, उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर, अशीच बाहेरून आलेल्या माणसांनी घडवली आहेत. प्रत्येकाची वेळ वेगळी, माणसं येण्याचं कारण वेगळं.

बदलापूरचं जुनं गाव स्टेशनपासून आत, पश्चिमेला उल्हास नदीच्या बाजूला आहे. स्टेशनलगत पूर्वेला आहे ते कुळगाव. म्हणून नगरपरिषदेचं नाव कुळगाव-बदलापूर, आणि रेल्वेने फक्त एकच नाव उचलल्यामुळे जगाला माहीत झालं ते बदलापूर. नावाची कथा इथल्या पोराटोरांनाही पाठ असते. शिवाजी महाराजांचं सैन्य सुरतेच्या वाटेवर असताना इथे घोडे बदलत, म्हणून बदलापूर. ही लोकांच्या तोंडची व्युत्पत्ती आहे, आणि ती लोकांनी जपली यालाही कारण आहे. कल्याण हे फार जुनं बंदर. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणच्या दानशूर व्यापाऱ्यांची नावं आहेत. ऑक्टोबर १६५७ मध्ये महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली. या बंदरातून बोरघाटाकडे जाणारी वाट उल्हासच्या खोऱ्यातूनच जाते. वाटेवरच्या गावाला थांबा असणार, चारापाणी असणार, घोडे बदलणं असणार. ही कथा त्या वाटेच्या आठवणीवर उगवलेली आहे.

त्याच वाटेने पुढे रेल्वे आली. बोरीबंदरहून निघालेली जीआयपी रेल्वे १८५४ मध्ये कल्याणला पोचली, आणि १८५६ मध्ये उल्हासच्या खोऱ्यातून घाटाच्या पायथ्याशी खोपोलीपर्यंत गेली. मुंबईत पहिली गाडी धावली ती १८५३ मध्ये. म्हणजे देशात रेल्वे आल्यानंतर अवघ्या तीन वर्षांत बदलापूरच्या शेतांमधून इंजिनाचा धूर जात होता. तरीही पुढची शंभर वर्षं गावात फार फरक पडला नाही. आगरी, कुणबी, ठाकूर, कातकरी यांची वस्ती, भाताचं एक पीक, उन्हाळ्यात आंबा, करवंद, जांभूळ. गाड्या येत होत्या आणि पुढे जात होत्या. स्टेशन मिळालं की गावाचं शहर होतं असं आपण सहज म्हणतो. बदलापूरला स्टेशन मिळून शतक लोटलं तरी ते गावच राहिलं होतं.

रेल्वेने आधी बदललं ते अंबरनाथ. या गावाची सगळ्यात जुनी ओळख वालधुनी नदीच्या काठी काळ्या पाषाणात उभी आहे. शिलाहारांच्या काळातल्या शिवमंदिरावरच्या शिलालेखात शके ९८२ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १०६०. छित्तराजाने आरंभलेलं हे काम मुम्मुणीच्या कारकिर्दीत पुरं झालं असं अभ्यासक मानतात. बाहेरच्या भिंतीवर हाताच्या बोटाएवढी जागा कोरीवकामाशिवाय सापडत नाही. आत गेल्यावर मात्र देवदर्शनाला वर चढायचं नसतं, खाली उतरायचं असतं. वीसेक दगडी पायऱ्या उतरत गेलं की गारवा अंगाला लागतो, डोळे अंधाराला सरावतात, आणि मग वर पाहिलं तर शिखराच्या उघड्या तोंडातून आभाळाचा तुकडा दिसतो. महाशिवरात्रीला इथे भरणाऱ्या जत्रेत आजही पायऱ्यांवर तास न् तास रांग लागते.

नऊशे वर्षं मंदिराचं गाव असलेल्या अंबरनाथला विसाव्या शतकात कारखान्यांनी गाठलं. कारण साधं होतं. मुंबईपासून साठ किलोमीटरवर रेल्वे, नदीचं पाणी आणि भरपूर मोकळी जमीन. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीने इथे गंधकाम्ल आणि खतं बनवायला सुरुवात केली. १९२० च्या दशकात वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी, म्हणजे विमको, काडेपेट्या बनवू लागली. अंबरनाथचा विमको नाका हे नाव त्या काडेपेट्यांनी दिलेलं. स्वातंत्र्यानंतर १९५३ मध्ये आयुध निर्माणी आली, तिच्या वसाहती आल्या, आणि १९६० च्या दशकात औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत. कामगार कोकणातून आले, घाटावरून आले, उत्तरेतून आणि दक्षिणेतूनही आले. अंबरनाथची लोकसंख्या कारखान्याच्या भोंग्याबरोबर वाढली. पहिली पाळी, दुसरी पाळी, रात्रपाळी या शब्दांवर दोन पिढ्यांचे संसार इथे चालले.

उल्हासनगरची गोष्ट याहून निराळी. हे शहर वाढलं असं म्हणताच येत नाही, ते एकदम भरलं. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी कल्याणजवळच्या माळावर सैनिकांसाठी तळ उभारला होता. लांबलचक बराकी, कौलारू छपरं, मधून रस्ते. युद्ध संपलं, सैनिक गेले आणि तळ ओस पडला. लगेच १९४७ ची फाळणी झाली. कराचीहून बोटींनी मुंबईच्या धक्क्यावर उतरलेली सिंधी कुटुंबं आगगाडीत बसवून या तळावर आणली गेली. सुमारे एक लाख माणसं. एका बराकीत कितीतरी बिऱ्हाडं, मधे गोणपाटाचे आणि साड्यांचे पडदे, सामाईक नळ, सामाईक संडास. पडद्याच्या अलीकडे आजारी म्हातारी, पलीकडे नवं लग्न झालेलं जोडपं. सिंधमध्ये ज्यांच्या हवेल्या होत्या आणि ज्यांच्या नव्हत्या, ते सगळे एका रांगेत शिधा घ्यायला उभे राहिले.

८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते या वसाहतीची कोनशिला बसली आणि नदीच्या नावावरून तिला उल्हासनगर हे नाव मिळालं. छावणीचे पाच भाग होते, ते तसेच राहिले. आज शहराला महापालिका आहे, बाजारपेठा आहेत, कॉलेजं आहेत, तरी माणूस पत्ता सांगताना ‘कॅम्प नंबर चार’ असंच सांगतो, आणि टपालावर सेक्शन आणि बराकीचा नंबर लिहितो. पंचाहत्तर वर्षांनंतरही छावणी पत्त्यातून गेलेली नाही.

आकड्यांच्या दृष्टीने उल्हासनगरकडे मुद्दाम बघावं असं एक कारण आहे. १९५१ च्या जनगणनेत विस्थापितांची वेगळी नोंद केली गेली. कोण कुठून आलं हे सरकारला त्या वेळी ठाऊक करून घ्यायचं होतं, कारण त्यावर पुनर्वसन अवलंबून होतं. माणसं कुठून आणि का आली, हा प्रश्न त्या वेळी जितक्या कळकळीने विचारला गेला तितका त्यानंतर या पट्ट्यात क्वचितच विचारला गेला.

पापड-लोणची घरी करून बायकांनी संसार उभे केले, पुरुषांनी ती लोकलमध्ये आणि दारोदार विकली. मग कापड, मग फर्निचर, मग जीन्स. मुंबईतल्या दुकानात मिळेल ते सगळं इथे निम्म्या दरात शिवून, जोडून, भरून मिळू लागलं. शहाडच्या सेंच्युरी रेयॉनसारख्या मोठ्या कारखान्याने कामगार आणले. सिंधींच्या बरोबरीने मराठी, उत्तर भारतीय, दलित वस्त्या वाढल्या. कॅम्प चारमध्ये एका भागाचं नावच मराठा सेक्शन आहे. १९९१ मध्ये उल्हासनगरात ३ लाख ६९ हजार माणसं होती, २००१ मध्ये ४ लाख ७३ हजार आणि २०११ मध्ये ५,०६,०९८. आणि हे सगळं जेमतेम तेरा चौरस किलोमीटरमध्ये! दर चौरस किलोमीटरला अडतीस हजारांहून अधिक माणसं. चारी बाजूंनी हद्द बांधलेली, त्यामुळे शहर वरच चढत गेलं, परवानगी असो वा नसो. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने ८५५ बेकायदा इमारती पाडायला सांगितल्या आणि त्यावर राज्य सरकारने २००६ मध्ये खास उल्हासनगरसाठी बांधकामं नियमित करण्याचा कायदा केला. कायद्याने इमारत नियमित होते, पण मजबूत होत नाही. मे २०२१ मध्ये एकाच महिन्यात इथल्या दोन इमारतींचे स्लॅब कोसळले आणि त्यात माणसं गेली.

आता पुन्हा बदलापूर. २००१ ते २०११ या दहा वर्षांत उल्हासनगर सुमारे सात टक्क्यांनी वाढलं, अंबरनाथ दोन लाखांवरून अडीच लाखांवर गेलं, म्हणजे चोवीसेक टक्क्यांनी. आणि बदलापूर? ९७,९४८ वरून १,७४,२२६. अठ्ठ्याहत्तर टक्के! त्याच्या आधीच्या दशकाच्या सुरुवातीला, १९९१ मध्ये, इथे पन्नास हजारांच्या आसपास वस्ती होती. वीस वर्षांत तिप्पट. एवढ्या वेगाने कुठल्याच गावात मुलं जन्मत नाहीत.

ही माणसं आली कुठून याचं उत्तर जनगणनेच्या त्याच पुस्तकात दुसऱ्या पानावर आहे. मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-सायनपर्यंतच्या मूळ मुंबईची लोकसंख्या २००१ मध्ये ३३ लाख ३८ हजार होती. २०११ मध्ये ती ३० लाख ८५ हजारांवर आली. अडीच लाख माणसं कमी झाली. देशातल्या सगळ्यात गजबजलेल्या ठिकाणी माणसं घटली आणि त्याच काळात तेव्हाचा अखंड ठाणे जिल्हा एक कोटी दहा लाखांवर जाऊन देशातला सर्वांत जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेला गिरणी संप, मग बंद पडलेल्या गिरण्या, मग त्या जमिनींवर चढलेले मनोरे. परळ, लालबाग, गिरगावातल्या दहा बाय बाराच्या खोलीत मुलगा लग्नाचा झाला की घरात एकच विषय निघे, आणि त्या विषयाचं उत्तर आधी डोंबिवली असे, मग ते अंबरनाथ झालं, मग बदलापूर. खोली विकून आलेल्या पैशात मुंबईत दुसरी खोलीही येत नव्हती. बदलापुरात मात्र स्वयंपाकघर वेगळं असलेलं घर येत होतं, वर मुलीच्या लग्नासाठी चार पैसे राहत होते.

मुंबई आपल्या माणसांना बाहेर काढत होती आणि ६८ किलोमीटरवरचं हे गाव त्यांना जागा देत होतं, हा बदलापूरच्या गेल्या तीस-पस्तीस वर्षांचा खरा इतिहास आहे. उल्हासनगरला माणसं फाळणीने आणली, अंबरनाथला कारखान्यांनी, बदलापूरला घरांच्या किमतीने. पहिल्या दोघांच्या मागे सरकार किंवा कंपनी उभी होती. बदलापूरला आलेल्या माणसामागे फक्त बँकेचा हप्ता होता. त्याच्यासाठी कुणी कोनशिला बसवली नाही, कुणी विस्थापित म्हणून त्याची वेगळी नोंद घेतली नाही.

कारभाराची वाटही नागमोडी गेली. ऑक्टोबर १९८३ मध्ये कल्याण महापालिका झाली तेव्हा डोंबिवलीबरोबर अंबरनाथ आणि कुळगाव-बदलापूरही तिच्यात घातले गेले. नऊ वर्षांनी, १९९२ मध्ये, दोघांना वेगळं काढून त्यांच्या स्वतंत्र नगरपरिषदा झाल्या. म्हणजे शहर म्हणून स्वतःच्या पायावर उभं राहायची वेळ आणि माणसांचा लोंढा यायची वेळ एकच आली. नवख्या नगरपरिषदेने गटारं आखायच्या आत इमारती उभ्या राहिल्या होत्या.

नदीने या घाईची किंमत वसूल केली. उल्हास राजमाचीच्या डोंगरात उगम पावते, कर्जत-नेरळवरून खाली येते, आणि घाटात पाऊस कोसळला की काही तासांत बदलापूरच्या काठाशी फुगते. जुनं गाव उंचवट्यावर वसलेलं होतं. नवी संकुलं नदीच्या पसरायच्या जागेत गेली. २६ जुलै २००५ ला पाणी शिरलं. २७ जुलै २०१९ ला पहाटे कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मध्ये, चामटोलीजवळ पुराच्या पाण्यात अडकली. हजारावर प्रवासी बारा-चौदा तास डब्यात बसून होते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल आणि नौदलाची पथकं रबरी होड्या घेऊन आली. आजूबाजूच्या गावकऱ्यांनीही मदतीला धाव घेतली. निळी पूररेषा आणि लाल पूररेषा हे शब्द आज बदलापुरात सामान्य गृहिणीच्याही तोंडी असतात.

पाण्याचा आणखी एक हिशेब आहे. बदलापूरजवळचं बारवी धरण १९७० च्या दशकात बांधलं गेलं, आणि त्याची उंची नंतर वाढवत नेली. त्याचं पाणी औद्योगिक वसाहतींना आणि ठाण्यापासून मीरा-भाईंदरपर्यंतच्या शहरांना जातं. बदलापूरची स्वतःची भिस्त मुख्यतः उल्हासवरच्या बंधाऱ्यावर आहे, ज्याला सगळे बॅरेज म्हणतात. राज्याचं जीवन प्राधिकरण तिथून पाणी उचलून बदलापूर आणि अंबरनाथला देतं. उन्हाळ्यात टँकर मागवणाऱ्या सोसायटीच्या सेक्रेटरीला हे सगळे आकडे तोंडपाठ असतात. आणि उल्हासची धाकटी बहीण वालधुनी? मंदिराच्या पायाशी वाहणारी ही नदी अंबरनाथ-उल्हासनगरातून जाताना रसायनांचा नाला झाली. २०१४ च्या अखेरीस तिच्यात सोडलेल्या रसायनाच्या वाफेने काठच्या वस्तीतली शेकडो माणसं रुग्णालयात गेली.

रेल्वेचं गणित तर रोजचं. कल्याणच्या पुढे कर्जतच्या बाजूला जायला आणि यायला प्रत्येकी एकच मार्ग, त्यावरच लोकल, त्यावरच पुण्याकडच्या मेल आणि मालगाड्या. सकाळी बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्ये बसायला जागा मिळवायची म्हणून अंबरनाथची माणसं आधी उलट दिशेने बदलापूरला येतात आणि त्याच गाडीत बसून परत मुंबईकडे जातात. बदलापूरकर फलाटावर उभा असतो, आणि गाडी सुरू व्हायच्या ठिकाणीच ती भरलेली येते. यावरून होणारे वाद, हमरीतुमरी यात दोष दोघांचाही नाही. ऑगस्ट २०१६ मध्ये गाड्या उशिराने धावतात म्हणून बदलापूरचे प्रवासी रुळावर उतरले आणि सकाळचे कित्येक तास ही वाहतूक बंद राहिली. तिसऱ्या आणि चौथ्या मार्गिकेचं काम कल्याण-बदलापूर दरम्यान हाती घेतलेलं आहे. ते पुरं होईपर्यंत पहाटे उठणं हाच उपाय.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, आकडा कळला म्हणून पाणी येईल का, गाडी वाढेल का? आकडा कळल्याशिवाय येत नाही, हे मात्र खरं. महाराष्ट्रात एक लाखावर वस्ती असलेली नगरपरिषद ‘अ’ वर्गात मोडते, आणि तीन लाखांच्या पुढे गेलेलं शहर महापालिकेला पात्र ठरतं. ही लोकसंख्या धरायची ती शेवटच्या प्रसिद्ध झालेल्या जनगणनेची. प्रभाग किती, नगरसेवक किती, हेही त्यावरच ठरतं. त्यामुळे २०२५ च्या निवडणुकीत बदलापूरकरांनी मत दिलं ते २०११ च्या माणसांसाठी आखलेल्या प्रभागांत. अन्नसुरक्षा कायद्याखाली स्वस्त धान्य मिळणाऱ्यांचा कोटा २०११ च्या आकड्यावर बांधलेला आहे. त्यानंतर आलेलं गरजू कुटुंब रांगेत उभं राहिलं तरी कोटा भरलेला असतो. रुग्णालयाच्या खाटा, शाळेच्या तुकड्या, पाण्याचं आरक्षण, जिथे जिथे माणशी हिशेब मांडला जातो तिथे तिथे २०११ नंतर आलेला बदलापूरकर कागदावर नसतो. तो कर भरतो, हप्ता भरतो, तिकीट काढतो. पण सरकारी कागदात त्याची जागा अजून रिकामी आहे.

इटलीतल्या कोमुनेची वही आपल्याकडे उद्या येईल असं नाही. जनगणना मात्र येते आहे. केंद्र सरकारच्या अधिसूचनेनुसार २०२६ मध्ये घरयादीचं काम आणि त्यानंतर माणसांची मोजणी, १ मार्च २०२७ च्या मध्यरात्रीची लोकसंख्या प्रमाण धरून. पहिल्यांदाच ही गणना मोबाइलवर होणार आहे आणि आपली माहिती आपण स्वतः भरण्याचीही सोय आहे. बदलापूरसारख्या गावात मोजणीची मोठी अडचण वेगळीच असते. प्रगणक दुपारी दाराशी येतो तेव्हा दाराला कुलूप असतं. नवरा-बायको दोघं लोकलने गेलेली, मुलं शाळेत, शेजारी नवे, त्यांना नावही माहीत नाही. शिवाय पुष्कळांचं मन अजून गिरगाव-परळातच असतं. रेशनकार्ड तिकडचं, मतदान तिकडचं, आणि नाव सांगायचं तर तिकडच्या भावाच्या घरी सांगू, असा विचार होतो.

तसं करू नये. जनगणनेत माणूस मोजला जातो तो राहतो तिथे. मूळ गाव रत्नागिरी असो की सातारा, आधार कार्डावरचा पत्ता लालबागचा असो की दादरचा. ज्या छपराखाली आपण रात्री झोपतो त्या छपराच्या नावावर आपली नोंद व्हायला हवी. सोसायट्यांच्या समित्यांनी प्रगणक येण्याचा दिवस फळ्यावर लिहावा, संध्याकाळची किंवा रविवारची वेळ मागून घ्यावी, भाडेकरूंनाही कळवावं. वाड्या-पाड्यांवरच्या ठाकूर-कातकरी कुटुंबांपर्यंत, वीटभट्टीवर आणि बांधकामावर तात्पुरत्या झोपड्यांत राहणाऱ्यांपर्यंत प्रगणक पोचला की नाही, हे तिथल्या शाळेच्या शिक्षकांनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी बघावं. बंद दाराला चिठ्ठी लावलेली दिसली तर ती फाडून टाकू नये, त्यावरच्या नंबरला फोन करावा. पाच-दहा मिनिटांचं काम आहे, आणि त्यानंतरची किमान दहा वर्षं बदलापूरचं पाणी, गाड्या आणि दवाखाने त्यावर मोजले जाणार आहेत.